ठराव की करार? ऑस्ट्रेलियातील भूवापर करार आणि आपली ग्रामसभा

मोहसडा यांचा प्रश्न

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातील एका लहान गावात राहते आणि गेली चार वर्षे आमच्या ग्रामसभेच्या सामूहिक वनहक्क समितीचे लिखापढीचे काम सांभाळते. गेल्या महिन्यात एका शासकीय विभागाचे दोन अधिकारी गावात आले होते. आमच्या वनहक्क क्षेत्राच्या कडेने जाणारी जुनी गाडवाट रुंद करून ती पुढच्या दोन गावांपर्यंत न्यायची आहे आणि त्यासाठी आमच्या हद्दीतील काही जागा लागेल, असे त्यांनी सांगितले. रस्त्याला गावात कोणाचाही विरोध नाही, कारण पावसाळ्यात अडलेल्या बाईला खाटेवर घालून नाला पार करण्याचे दिवस आम्ही सर्वांनी पाहिलेले आहेत.

अडचण वेगळीच आहे. ठरावाचा मजकूर ते टंकलिखित करूनच घेऊन आले होते. त्यात ‘ग्रामसभेची हरकत नाही’ एवढे एक वाक्य होते आणि खाली सह्या-अंगठ्यांसाठी तीन कोरे कागद जोडलेले होते. रस्ता किती रुंद होणार, मोहाची किती झाडे जाणार, मुरूम कोठून उचलणार, काम अर्धवट राहिले तर खोदलेली जागा कोण बुजवणार, यांपैकी एकही गोष्ट त्यात नव्हती. आमच्या गावचे गायता, म्हणजे गावाचे पुजारी-मुखिया, सहसा बोलत नाहीत, त्या दिवशी मात्र त्यांनी विचारले, “आम्ही हरकत नाही असे लिहून द्यायचे, तर तुम्ही काय लिहून देणार?” त्यावर त्यांतील एक अधिकारी हसून म्हणाले, “शासन लिहून देत नसते.”

माझा भाचा नागपूरला कायद्याचे शिक्षण घेत आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ऑस्ट्रेलियात जमिनीचे मूळ मालक असलेल्या आदिम समाजांशी तेथील सरकार रीतसर वाटाघाटी करून भूवापराचे करार करते, त्या करारांची सरकारी नोंदवहीत नोंद होते आणि ते दोन्ही बाजूंवर बंधनकारक असतात. हे खरे असेल तर त्याची पद्धत नेमकी काय आहे, तेथील लोकांना ‘नाही’ म्हणता येते का, सही कोण करते, आणि आपल्याकडे ग्रामसभेने ठरावाऐवजी कराराचा आग्रह धरला तर तो टिकेल का, हे जाणकारांनी समजावून सांगावे, ही विनंती.


वैनगंगाकाठ यांचे उत्तर

ताई, प्रश्न फार नेमका विचारला आहे. मी चंद्रपूर-गडचिरोलीकडे वकिली करतो आणि ऑस्ट्रेलियाचा कायदा मी केवळ वाचून जाणतो, हे आधी सांगतो.

इंग्रजांनी ऑस्ट्रेलियाचा ताबा घेतला तेव्हा ती भूमी कोणाच्याच मालकीची नव्हती, असे कायद्याने गृहीत धरले होते. टोरेस सामुद्रधुनीतील मेर या बेटावरचे एडी कोइकी माबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली या गृहीतकालाच न्यायालयात आव्हान दिले. दहा वर्षे खटला चालला. ३ जून १९९२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे हायकोर्ट ऑफ ऑस्ट्रेलियाने, ते गृहीतक मोडीत काढले आणि मूळ रहिवाशांचा त्यांच्या रूढी-परंपरांतून आलेला भूहक्क ब्रिटिश सत्ता आल्यानंतरही शिल्लक राहू शकतो, असा निर्णय दिला. माबो त्याच वर्षीच्या जानेवारीत वारले होते. निकाल त्यांना ऐकता आला नाही. त्या निकालानंतर १९९३ चा नेटिव्ह टायटल कायदा झाला (नेटिव्ह टायटल म्हणजे मूळ लोकांचा हाच भूहक्क) आणि १ जानेवारी १९९४ पासून तो लागू झाला.

आपण ज्या करारांविषयी विचारता त्यांची आजची चौकट १९९८ च्या दुरुस्तीतून आली. त्याआधी १९९६ मध्ये विक खटल्यात असे ठरले होते की सरकारने गुराढोरांच्या चराईसाठी दिलेल्या अवाढव्य पट्ट्यांखालीसुद्धा मूळ लोकांचा हक्क जिवंत राहू शकतो. त्यामुळे खाणवाले, पट्टेदार आणि राज्य सरकारे घाबरली. १९९८ च्या दुरुस्तीने मूळ लोकांचे काही हक्क आकुंचित केले, हे विसरून चालणार नाही. पण त्याच दुरुस्तीत ‘स्थानिक भूवापर करार’ नावाची सोयही आली. जमिनीवर रस्ता, खाण, धरण, उद्यान असे काही व्हायचे असेल तर हक्कदार समाज आणि सरकार किंवा कंपनी एकत्र बसून अटी ठरवू शकतात. करार राष्ट्रीय नेटिव्ह टायटल न्यायाधिकरणाच्या नोंदवहीत चढला की तो त्या क्षेत्रातील सर्व हक्कदारांना लागू होतो, मग त्यांनी स्वतः सही केलेली असो वा नसो. आजवर असे हजाराहून अधिक करार नोंदले गेले आहेत.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे कलम हेच आहे. बैठकीला न आलेला माणूस, शहरात गेलेला माणूस, एवढेच नव्हे तर अजून जन्माला न आलेले मूलही त्या कराराने बांधले जाते. म्हणूनच नोंदणीपूर्वी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: त्या जमिनीवर हक्क सांगू शकतील अशा सर्वांना शोधून काढण्याचा वाजवी प्रयत्न झाला आहे आणि त्या सर्वांनी आपल्या रीतीने कराराला अधिकृत संमती दिली आहे. क्षेत्राचा करार असेल तर नोंदणीची सूचना देऊन तीन महिने हरकतींसाठी वाट पाहावी लागते. आपल्याकडे तीन कोऱ्या कागदांवर जे उरकले जाते, त्याच्याशी याची तुलना आपणच करावी.

आता ‘नाही’ म्हणण्याविषयी. करार स्वेच्छेचा असतो, सही करायलाच हवी असे नाही. परंतु खाणीसारख्या प्रकरणात कायदा मूळ लोकांना नकाराधिकार देत नाही, वाटाघाटीचा अधिकार देतो. नोटीस निघाल्यापासून किमान सहा महिने सर्व पक्षांनी सद्‌भावनेने बोलणी करायची आणि तेवढ्यात जमले नाही तर कोणताही पक्ष न्यायाधिकरणाकडे जाऊन निवाडा मागू शकतो. न्यायाधिकरणाने खाणीला साफ नकार दिल्याची उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. पहिले २००९ मधले, पश्चिम ऑस्ट्रेलियातील मार्तू लोकांच्या एका खाऱ्या सरोवराचे. गंमत अशी की गोऱ्या प्रवाशांनी त्या सरोवराचे नावच ‘निराशा सरोवर’ ठेवले होते. आता ते कुम्पुपिन्टिल या मूळ नावाने ओळखले जाते. निवाडा विरुद्ध गेल्यावर त्या कंपनीला काही वर्षांनी मार्तूंशी करार करूनच पुढे सरकावे लागले. म्हणजे नकार खरोखर शक्य आहे असे एकदा दिसले की समोरचा माणूस खुर्ची ओढून बसतो.

नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात १९७६ चा वेगळा आणि अधिक भक्कम कायदा आहे. तेथे मूळ मालक खनिजशोधालाच नकार देऊ शकतात आणि नकार दिला की पाच वर्षे तो विषय बंद राहतो. पण शोधाला एकदा होकार दिला तर पुढे प्रत्यक्ष खाणीला नकार देता येत नाही. पहिला होकार किती जपून द्यायचा असतो, ते यावरून कळेल.


सावनेर ते पर्थ यांचे उत्तर

मी मूळचा सावनेर तालुक्यातला, आता अकरा वर्षांपासून पर्थला आहे. वरील उत्तरात न आलेला एक करार येथे सांगतो, कारण मी ज्या शहरात राहतो ते शहरच त्या कराराच्या पोटात आहे.

पर्थ आणि नैर्ऋत्य ऑस्ट्रेलिया ही नूंगार लोकांची भूमी. सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या विदर्भाच्या दुपटीहून थोडी जास्तच. २००६ मध्ये एका न्यायाधीशांनी पर्थ शहराच्या परिसरात नूंगारांचा हक्क शिल्लक आहे असा निर्णय दिला आणि येथे एकच खळबळ उडाली. २००८ मध्ये अपिलात तो निर्णय टिकला नाही. खटला आणखी पंचवीस वर्षे लढायचा की टेबलावर बसायचे, असा प्रश्न दोन्ही बाजूंपुढे उभा राहिला आणि ते टेबलावर बसले. त्यातून एक नव्हे, सहा करार झाले, कारण नूंगारांचे प्रदेशवार सहा गट आहेत आणि प्रत्येक गटाने २०१५ च्या सुरुवातीला आपापली वेगळी सभा घेऊन मतदान केले. सरकारने या व्यवहाराचे मूल्य सुमारे १३० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर सांगितले आहे. त्यात बारा वर्षे दरवर्षी ५ कोटी डॉलर एका न्यासात जमा करणे, ३ लाख २० हजार हेक्टरपर्यंत जमीन हस्तांतरित करणे, घरे, उद्यानांच्या व्यवस्थापनात वाटा, आणि नूंगार हेच या भूमीचे पारंपरिक मालक आहेत असे मान्य करणारा विधिमंडळाचा स्वतंत्र कायदा, एवढ्या गोष्टी आहेत.

बदल्यात नूंगारांनी काय दिले? आपला नेटिव्ह टायटलचा दावा कायमचा सोडून दिला. या शब्दावर मला थोडे थांबावेसे वाटते, कारण भारतातून याविषयी वाचणाऱ्यांना बहुधा केवळ डॉलर दिसतात. माझ्या कार्यालयात एक नूंगार सहकारी आहेत. मी त्यांना एकदा सहज विचारले की करार चांगला झाला का. ते म्हणाले की त्यांच्या आईने बाजूने मत दिले आणि मावशीने विरोधात, आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या. त्यानंतर मी तो विषय पुन्हा काढला नाही.

सही कोणी करायची, हा आपला प्रश्न तर येथे न्यायालयातच गेला. दाव्यातील सर्व नोंदणीकृत अर्जदारांनी सह्या केल्या नव्हत्या. काही जणांनी जाणूनबुजून नाकारल्या होत्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने सांगितले की एका जरी अर्जदाराची सही राहिली असेल तर असा करार नोंदवता येणार नाही. या निकालाने देशभरातील शंभराहून अधिक करार एका रात्रीत डळमळीत झाले आणि चारच महिन्यांत संसदेने कायदा बदलून बहुमताची सही पुरेशी ठरवली. एकाच्या सहीसाठी सगळे अडणे योग्य नाही, हे मला पटते. पण कायदा बदलण्याचा तो वेग मूळ लोकांच्या बाजूने जाणाऱ्या कामात मी या देशात कधी पाहिलेला नाही. पुढे हरकती, अपिले होत होत करार प्रत्यक्ष अमलात आला तो २५ फेब्रुवारी २०२१ रोजी.


मोहसडा

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही उत्तरे मी काल संध्याकाळी गोटुलाजवळ (गावाच्या सभाघराजवळ) बसून मोठ्याने वाचून दाखवली आणि काही भाग गोंडीतून सांगितला. आई आणि मावशीची गोष्ट ऐकल्यावर बायका बराच वेळ आपसांत बोलत होत्या. एका म्हातारीने विचारले आहे की जमीन सोडून दिली, पण तेथल्या पेनाचे, म्हणजे देवाचे, काय झाले? देवाची जागाही त्या करारात मोजली गेली का? मला उत्तर देता आले नाही.


चिखलदरा मास्तर यांचे उत्तर

आजींच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण तो वकिलांच्या प्रश्नांपेक्षा खोल आहे.

नॉर्दर्न टेरिटरीत टिंबर क्रीक नावाचे छोटे गाव आहे. तेथे सरकारने रस्ते, इमारती आणि इतर कामे करताना तेथील न्गालिवुरू व नुंगाली लोकांचा हक्क पुसला होता. भरपाईचा खटला २०१९ मध्ये हायकोर्टात निकाली निघाला. न्यायालयाने जमिनीची किंमत आणि व्याज यांखेरीज भूमीशी असलेले आध्यात्मिक नाते तुटल्याबद्दल वेगळे १३ लाख डॉलर देण्याचा आदेश दिला. एकूण भरपाई सुमारे २५ लाख डॉलर होती, म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम सातबाऱ्यावर कधीच न दिसणाऱ्या गोष्टीसाठी होती. देवाची किंमत झाली का? झाली नाही आणि होणारही नाही. परंतु ती जागा केवळ ‘पडीक’ नव्हती, एवढे तरी न्यायालयाच्या कागदावर आले.

याच्या उलट उदाहरणही आजींना सांगा. पिल्बारा प्रदेशातील जूकन घळीत सुमारे ४६ हजार वर्षांपूर्वीपासून माणसाच्या वावराच्या खुणा असलेल्या दगडी गुहा होत्या. मे २०२० मध्ये रिओ टिंटो कंपनीने लोखंडाच्या खाणीसाठी त्या सुरुंगाने उडवल्या. हे बेकायदेशीर नव्हते! सरकारी परवानगी होती आणि त्या भूमीच्या मालक समाजाशी कंपनीचा करारही होता. त्या करारात पैसा होता, नोकऱ्या होत्या, आणि हरकत घेण्यावर व जाहीर बोलण्यावर बंधनेही होती. पुढे कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला पद सोडावे लागले, संसदेची चौकशी झाली, पण गुहा परत आल्या नाहीत. म्हणून ‘करार’ हा शब्द ऐकून हुरळून जाऊ नये, असे माझे मत आहे. तोंड बांधणारा करार हा कोऱ्या कागदावरच्या ठरावापेक्षाही वाईट.

तिसरे उदाहरण आपल्या ओळखीच्या नावाचे आहे. क्वीन्सलँडमधील कारमायकेल कोळसा खाणीसाठी अदानी समूहाने वांगान व जागालिंगू समाजाशी भूवापर करार केला. २०१६ च्या सभेत २९४ विरुद्ध १ असे मतदान झाले, असे कंपनीने सांगितले. विरोधकांचे म्हणणे होते की सभेला आलेल्यांपैकी अनेकांचा त्या भूमीशी संबंधच नव्हता आणि खऱ्या विरोधकांनी सभेवर बहिष्कार टाकला होता. नोंदणीकृत १२ अर्जदारांपैकी ५ जण विरोधात राहिले. न्यायालयांनी करार वैध ठरवला आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने तेथील सुमारे १,३८५ हेक्टरवरचा नेटिव्ह टायटल संपुष्टात आणला. सभेला कोण बसले होते, हा प्रश्न मतांच्या आकड्यापेक्षा मोठा ठरतो. आपल्या वनहक्क नियमांत २०१२ पासून निम्म्या सदस्यांची गणपूर्ती आणि उपस्थितांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, हे कलम म्हणूनच हजेरीपुस्तकासह पाळावे.

मेळघाटात राहणारा माणूस असल्यामुळे उलुरूचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवत नाही. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने ती प्रचंड लाल शिळा आणि भोवतालचे राष्ट्रीय उद्यान अनांगू लोकांना मालकी हक्काने परत दिले आणि अनांगूंनी त्याच समारंभात ते उद्यान ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारला वापरायला दिले. व्यवस्थापन मंडळात बहुमत अनांगूंचे असते. त्याच मंडळाच्या निर्णयाने २०१९ मध्ये पर्यटकांचे शिळेवर चढणे बंद झाले. आमच्याकडे व्याघ्र प्रकल्पातून गावे उठवताना ‘ऐच्छिक पुनर्वसन’ हा शब्द वापरतात आणि कायद्यातही ग्रामसभेची संमती लिहिलेली आहे. पण उद्यान गावाचे आणि भाडेकरू सरकार, ही कल्पना मी एकदा एका बैठकीत मांडली तेव्हा सभागृहात फार मोठा हशा झाला होता. ताडोब्याचे नाव ज्या तारू नावाच्या गावप्रमुखावरून आले असे सांगतात तो गोंडांचाच होता आणि त्याची देवळी अजून तळ्याकाठी आहे.


पानफळी यांचे उत्तर

मी धानोरा भागातील काही ग्रामसभांच्या तेंदूपानांचा हिशेब पाहतो, त्यामुळे कायद्यापेक्षा कागदाचीच माहिती अधिक देऊ शकेन.

आपल्या ग्रामसभांना करार करता येत नाही, असे जर कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. दर उन्हाळ्यात आम्ही तेंदूचे करारनामे करतो. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची प्रमाण गोणी, मजुरीचा दर, रॉयल्टीचे हप्ते, अनामत रक्कम, फळीवरून (पाने गोळा करण्याच्या जागेवरून) माल उचलण्याची मुदत, वाद झाल्यास काय करायचे, हे सर्व मुद्रांकावर लिहिलेले असते. ग्रामसभांचे पॅन कार्ड आहे, बँकेत खाते आहे. ठेकेदाराशी करार करताना आम्ही अनुभवातून शिकलो. आमच्या एका गावाने पहिल्या वर्षी अनामत न घेता माल उचलू दिला आणि शेवटचा हप्ता आजतागायत आलेला नाही. दुसऱ्या वर्षीपासून पैसे जमा झाल्याशिवाय एकही गोणी फळीवरून हलत नाही.

मग असे का होते, की ठेकेदाराकडून आम्ही करार लिहून घेतो आणि शासनाला मात्र ठराव देऊन मोकळे होतो? ठराव हे एका बाजूचे बोलणे आहे. त्यात आम्ही काय सोडले ते असते, समोरच्याने काय पत्करले ते नसते. माझ्या मते या सर्व चर्चेचा गाभा एवढाच आहे आणि गायताबाबांनी तो आधीच सांगितलेला आहे.

‘शासन लिहून देत नसते’ हेही खरे नाही. १९५० च्या कायद्याने जमीनदारी-मालगुजारी गेली आणि जंगले सरकारजमा झाली, तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता. त्या वेळी गावागावाचे जळाऊ लाकूड, बांबू, चराई यांचे हक्क निस्तारपत्रकात शासनानेच लिहून दिले होते. आपल्या आजोबांनी ते कागद जपले नाहीत आणि कार्यालयांना ते आठवले नाहीत, एवढेच. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १,८०९.६१ हेक्टरचा सामूहिक वनहक्क मिळाला, तोही शासनाने लिहूनच दिला. मात्र लिहून दिल्यानंतरही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी गावाला दोन वर्षे भांडावे लागले. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक देवाजी तोफा यांच्या हाती दिले, तेव्हा कोठे गावाचा बांबू गावाच्या परवान्यावर बाहेर पडला. कागद मिळणे आणि कागद चालणे यांत दोन वर्षांचे अंतर होते, हे ध्यानात असू द्यावे.


वैनगंगाकाठ

पानफळी यांनी मुद्दा अचूक पकडला आहे. आता ताईंच्या शेवटच्या प्रश्नाकडे वळतो.

प्रथम ते टंकलिखित वाक्य बाजूला ठेवा. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार रस्ता, शाळा, पाण्याची टाकी अशा तेरा प्रकारच्या सार्वजनिक सोयींसाठी वनजमीन देता येते. पण प्रत्येक कामासाठी जागा १ हेक्टरपेक्षा कमी असावी लागते, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडता येत नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस लागते. कायद्यातील शब्द ‘शिफारस’ आहे, ‘ना-हरकत’ नव्हे. शिफारस कशाची केली हे सांगायचे तर मोजमाप, नकाशा आणि झाडांची यादी ठरावात यावीच लागते. जागा १ हेक्टर किंवा त्याहून अधिक लागणार असेल तर हा मार्गच बंद होतो आणि वनजमीन वळती करण्याची वेगळी प्रक्रिया सुरू होते. त्या प्रक्रियेत ग्रामसभेची संमती २००९ च्या परिपत्रकाने आवश्यक केली होती; २०२२ च्या नियमांनी तिची जागा मागे ढकलल्यामुळे वाद चालू आहे. ग्रामसभेच्या शब्दाला वजन किती असू शकते, हे ओडिशातील नियमगिरी डोंगराने दाखवले. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ एप्रिल २०१३ च्या निकालानंतर तेथील बारा ग्रामसभांपुढे बॉक्साइट खाणीचा विषय गेला आणि बाराही सभांनी नकार दिला.

कराराविषयी एक तांत्रिक गोष्ट आहे. तिच्याकडे दुर्लक्ष केले तर सगळी मेहनत पाण्यात जाईल. संविधानाच्या अनुच्छेद २९९ नुसार राज्य शासनाचा करार राज्यपालांच्या नावाने व्हावा लागतो आणि त्यावर तसे अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानेच सही करावी लागते. गावात आलेल्या कनिष्ठ अधिकाऱ्याने वहीच्या पानावर ‘मुरूम तुमच्या हद्दीतून उचलणार नाही’ असे सद्‌हेतूने लिहून दिले, तरी ते शासनावर करार म्हणून बंधनकारक होईलच असे नाही. ऑस्ट्रेलियात ही अडचण दोन्ही टोकांनी सोडवलेली आहे. समाजाच्या बाजूने कायद्याने नोंदलेली संस्था हक्क धारण करते किंवा त्यांची कामे पाहते, सरकारच्या बाजूने सही कोणाची चालते ते ठरलेले असते, आणि नोंदवही सर्वांना पाहता येते. आपल्याकडे ग्रामसभा कायद्याने मान्य आहे, परंतु तिच्याशी झालेला समझोता चढवायला वही नाही.

म्हणून तूर्त मी असे सुचवीन की करार मागत राहा, पण त्याची वाट पाहत बसू नका. अटींसह शिफारशीचा ठराव करा आणि अटी पूर्ण होईपर्यंत शिफारस अमलात येणार नाही, असे त्यातच स्पष्ट लिहा. रुंदी मीटरमध्ये, झाडे क्रमांकासह, मुरुमाची जागा गट क्रमांकासह, काम संपण्याची तारीख, आणि काम अर्धवट राहिल्यास जागा पूर्ववत करण्याची जबाबदारी, हे सर्व त्यात यावे. ठराव उपविभागीय अधिकाऱ्यांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा आणि दोन्हीकडची पोच जपून ठेवा. संबंधित विभागाने अटी मान्य असल्याचे लेखी पत्र सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने आणि जावक क्रमांकासह पाठवले, तर तुमचा ठराव आणि त्यांचे पत्र मिळून न्यायालयात दाखवण्याजोगा कागद तयार होतो. त्याला करार म्हणता येणार नाही. पण पुढे विभागाने शब्द फिरवला तर तुम्ही रिकाम्या हाताने उभ्या राहणार नाही.


सावनेर ते पर्थ

एक छोटी पुरवणी. येथील करारांत बहुधा वेळापत्रक आणि पुनरावलोकनाचे कलम असते: ठरावीक वर्षांनी दोन्ही बाजूंनी पुन्हा बसायचे आणि काय पाळले, काय नाही ते पाहायचे. रस्त्याच्या ठरावातही पहिल्या पावसाळ्यानंतर संयुक्त पाहणी, असे एक वाक्य टाकता येईल. आणि मास्तरांनी सांगितलेली तोंड बांधणारी अट कोणत्याही रूपात आली तर ती खोडून टाका.


मोहसडा

सर्वांचे आभार मानते. आम्ही काय केले ते सांगून थांबते.

टंकलिखित कागद आम्ही सही न करता, पोच घेऊन परत पाठवला. समितीतील चार जणांनी आणि दोन शाळकरी मुलांनी मिळून वाटेच्या दोन्ही बाजूंची झाडे मोजली: मोहाची एकोणीस, तेंदूची मोठी सात, एक आंबा. एका वळणावर वाट पेनाच्या जागेपासून बारा पावलांवर येते. तेथे रस्ता नाल्याच्या बाजूला सरकवता येईल, असे गायतांनी काठीने आखून दाखवले आणि मुलांनी ते नकाशात काढले. अटी मराठीत लिहिल्या आहेत. त्या गोंडीतून वाचून दाखवल्याशिवाय मत घ्यायचे नाही, असे बायकांनी ठरवले आहे.

त्या विभागातून परवा दूरध्वनी आला होता. आठ दिवसांत ठराव हवा, नाहीतर निधी परत जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना सांगितले की सध्या अर्धे गाव धानाच्या कापणीत बांध्यांवर आहे आणि काही घरे कामासाठी तेलंगणात गेली आहेत, निम्मी हजेरी भरणार नाही. सभा कापणी-चुरणी आटोपल्यावर होईल. तारीख लेखी कळवते म्हटल्यावर ते काही क्षण गप्प राहिले आणि मग त्यांनी पत्र कोणत्या पत्त्यावर पाठवायचे ते सांगितले.